मुक्या खिंडीची घागर

एका राज्यात बर्फ बारा हात पडत असे आणि माणसं त्याच्याखाली चूल पेटवून जगत असत. राज्य मोठं, राजा मोठा, पण या दोघांहून मोठा तिथला डोंगर. लोक त्याला थोरला म्हणत. घरातलं थोरलं माणूस उठता-बसता कुरकुरतं, पण त्या कुरकुरीत काहीतरी अर्थ असतो. तसा हा डोंगर बोलत असे. खोटं वाटतंय? वाटू द्या. बर्फात राहणाऱ्याला विचारा, तो हसणार नाही.

थोरल्याच्या खांद्यावरून एक खिंड जात होती. अलीकडे उंचवाडी, पलीकडे धान्याची आणि मिठाची कोठारं. मध्ये एक पांढरा उतार, आडवा, हजार पावलांचा. हिवाळ्यात त्या उतारावर कुणी पाय ठेवला आणि आतलं बर्फ कच्चं असलं, तर थोरला पोटातून एकच शब्द बोले: "धप्प!" तो ऐकला की माणसं आल्या पावली मागे फिरत. मग बर्फाचा लोट सुटे तो रिकाम्या उतारावरून, आणि घरोघरी लोक म्हणत, थोरल्याने सांभाळलं गं बाई.

आता राजा. राजाचं नाव रुद्रकेसर. त्याची चांदीची खाण त्याच खिंडीपाशी. चांदी वाहणारे हमाल दर चार दिवसांनी ओझी टाकून परत येत. राजाने विचारलं, "का?" हमाल म्हणाले, "महाराज, डोंगर बोलला." राजा म्हणाला, "डोंगर बोलतो म्हणून माणसं भितात. डोंगराचं तोंड बंद करा, भीती जाईल." वा रे शहाणपण! कुत्रं भुंकतं म्हणून चोर येतो, तेव्हा कुत्र्यालाच मारा! पण राजा बोले, दळ हाले. दरबारात एकानेही तोंड उघडलं नाही.

गुंगभट नावाचा मांत्रिक आला. त्याने खाणीतल्या चांदीची घागर घडवली, थोरल्याचा आवाज त्यात ओढला आणि घागरीच्या तोंडावर मंत्राच्या बर्फाचं झाकण बसवलं. जाताना म्हणाला, "महाराज, इशारा बांधता येतो, मार बांधता येत नाही. शिवाय या खिंडीत यापुढे जो जो आवाज निघेल, तो या घागरीत जाईल. हा त्यातला शाप आहे." राजा म्हणाला, "पुढचं पुढे पाहू." आणि खिंडीच्या तोंडाशी दगड रोवला: 'शांतीची खिंड'.

तेव्हापासून बारा वर्षं खिंड मुकी. बैलाची घंटा हाले, वाजत नसे. आई लेकराला हाक मारी, लेकरू वळून पाहत नसे. आणि बर्फाचा लोट येई तो बोलल्यावाचून येई.

मग लोकांनी काय करावं? लोकांनी पारखी नेमला. बर्फपारख्याची रीत अशी: लाकडी फावड्याने खड्डा खणायचा, पार तळापर्यंत. खड्ड्याच्या भिंतीतून टोपलीएवढा चौकोनी खांब कापायचा. खांबावर फावडं पालथं ठेवून थापट्या मारायच्या. मनगटाच्या दहा, कोपराच्या दहा, खांद्याच्या दहा. मनगटालाच खांब मोडला तर घरी बसा. कोपराला मोडला तर थांबा, वाट पाहा. खांद्याच्या दहाही सोसल्या तर चला. रीत खरी होती, पारखून पारखून आलेली होती.

पण राजाला रीत आवडली आणि घात झाला! राजाने फावड्याला चांदीचं पातं बसवून दिलं. खिंडीच्या पलीकडे, देवीच्या पायरीशी, कातळाच्या आडोशाला जागा आखून दिली. हळदकुंकू वाहून तिथेच खणायचं. नाव पडलं मानाचा खड्डा. आता कातळाच्या आडोशाला वारा कुठून शिरणार? तिथलं बर्फ शांत पडे, घट्ट बसे. तीसच्या तीस थापट्या सोसे. उतारावर काय चाललंय ते त्या खड्ड्याला काय ठाऊक! दूध तापलंय का ते शेजारणीच्या पातेल्यात बोट घालून बघावं, तसला प्रकार. पण मान म्हणजे मान. दर खेपेला खड्डा म्हणे, चला, आणि लोक चालत.

उंचवाडीचा पारखी होता हैबती. चार वर्षांमागे तो तांडा घेऊन परत निघाला आणि उतार सुटला. हैबतीसकट अकरा माणसं गेली. त्याची बायको तुंगा तांड्याच्या शेवटी चालत होती, ती वाचली. तिने वळणावरून पाहिलं: नवरा थांबला, मागे वळला, दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं. शब्द आला नाही. मग तिथे नुसतं पांढरं होतं.

हैबतीची मुलगी केतकी. वीस वर्षांची झाली तेव्हा चांदीचं फावडं तिच्या हाती आलं. पोरगी हुशार, ताठ, बापावर गेलेली. तुंगा तिला एकदा म्हणाली होती, "केतकी, मानाचा खड्डा सोड. उतारावरचं बर्फ पारख."

केतकी म्हणाली, "बाबांनी सोडला नाही, आणि मी सोडू? लोक म्हणतील बापच चुकला होता. आई, पुन्हा हा विषय नको."

यावर तुंगा बोलू शकली असती. एक गोष्ट तिच्यापाशी होती. ती बोलली नाही. ती गोष्ट काय, ते तिच्याच तोंडून ऐकाल.

तर त्या वर्षी उंचवाडीत मीठ संपलं, धान्य तळाला गेलं. केतकी चाळीस माणसं घेऊन पलीकडे गेली. ती तिकडे आणि इकडे चार दिवस बर्फ कोसळलं. पाचव्या दिवशी ऊन पडलं. उघडीप पडली की तिसऱ्या सकाळी तांडा निघतो, ही वहिवाट. म्हणजे केतकीला उतारावर यायला दोन दिवस आणि एक सकाळ उरली.

तुंगा दारात आली. तिने थोरल्याच्या माथ्याकडे पाहिलं आणि तिच्या पाचावर धारण बसली. माथ्यावरून बर्फाचा भुगा उडत होता, जात्यातून पीठ उडावं तसा, आणि सगळा खिंडीच्या उतारावर पडत होता. वारा उलट्या अंगाने वाहत होता. चार वर्षांमागे वाहिला होता, तस्साच.

ती धावत खिंडीच्या तोंडाशी गेली. "केतकी! केतकी गं! येऊ नकोस!" घसा फाटेस्तोवर ओरडली. आवाज ओठांबाहेर आला आणि नाहीसा झाला.

राजाच्या दगडावर एक डोंगरकावळा बसला होता. काळा, पिवळ्या चोचीचा. तो म्हणाला, "व्यर्थ श्रम, तुंगाबाई. शब्द घागरीत गेले."

ती दचकली. "तुझा आवाज कसा ऐकू येतो?"

"घागरीचं तोंड बांधताना आवाजाचा एक थेंब सांडला. तो मी चोचीने टिपला. तेव्हापासून बोलतो, आणि माझ्याशी बोललेलं मला ऐकूही येतं. बारा वर्षं झाली, ऐकायला एक धड माणूस नाही."

"घागर कुठे आहे?"

"गुंगभटाच्या गुहेत. थोरल्याच्या डाव्या खांद्यावर. तिथवर जाऊन परत आलेलं कुणी नाही."

"तू जातोस-येतोसच की!"

"मला पंख आहेत."

"मला लेक आहे," तुंगा म्हणाली. "पुढे हो."

निघाली. हाती साधं फावडं, एक लांब काठी, पदरात भाकरी. वाट कुठली? वाट नव्हतीच. पण तुंगा पारख्याची बायको होती, बर्फात तिचे केस पिकले होते. ज्या सोंडेवरून वाऱ्याने बर्फ झाडून नेलं होतं आणि खडक उघडे पडले होते, त्या सोंडेने ती चढली. गुळगुळीत, गुबगुबीत, मऊ उतार दिसला की वळसा घाली. कावळा चिडे. "अगं, समोरून शंभर पावलं आहेत!" ती म्हणे, "शंभर पावलांत माणूस शंभरदा मरतो. गप उड."

एक घळ मात्र ओलांडायलाच हवी होती. वर बर्फ लटकलेलं, खाली दरी. तुंगाने ऊन तिथून सरून सावली पडेपर्यंत वाट पाहिली. कांबळ्याची गाठ सोडली, काठीची वादी मनगटातून काढली. लोटात सापडलं तर बांधलेलं सगळं माणसाला खाली ओढतं. मग श्वास रोखून गेली. पावलं मोजली: त्रेचाळीस. पलीकडच्या खडकाला हात लागला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

गुहेत गुंगभट बसला होता. भुवया पांढऱ्या, डोळे तांबारलेले, दोन्ही कानांत लोकरीचे बोळे. कोपऱ्यात चांदीची घागर. ती आपली सारखी कुजबुजत होती, घंटा, हाका, भुंकणं, सगळं एकात एक. भिंतीशी तीन चोर बसले होते. घागर चोरायला आले होते. शिवल्याबरोबर त्यांच्या जिभा चांदीच्या झाल्या. जेवताना त्या वाजत.

गुंगभटाने एका कानातला बोळा काढला. "बोल. लवकर बोल. बारा वर्षं मला झोप नाही."

"मग घागर सोडून का देत नाहीस?"

"राजाला वचन दिलंय. बांधणाऱ्याने सोडवायचं नाही, असा करार."

"आणि दुसऱ्या कुणी सोडवली तर?"

मांत्रिकाने दुसऱ्याही कानातला बोळा काढला. बघा, पळवाट त्यालाही हवीच होती! "दुसऱ्या कुणी सोडवायची तर तीन कामं. पहिलं: या हिवाळ्यात सगळ्यांत आधी पडलेल्या बर्फाची मूठ. दुसरं: वाऱ्याने थापलेली बर्फाची पाटी, तडा न गेलेली. तिसरं: जो शब्द तू बोलायला हवा होतास आणि गिळलास, तो."

तुंगाचा चेहरा उतरला. "पहिली दोन आणीन," ती म्हणाली.

"तीन म्हणालो," गुंगभट म्हणाला आणि बोळे परत घातले.

दुसरा दिवस उजाडला. आधी पडलेलं बर्फ कुठे असणार? तळाशी, जमिनीला चिकटून. गुहेखाली एक लहानसा चढ होता, दोन माणसं उंच, तोंड खिंडीच्या उताराच्याच दिशेला. सुटला तरी माणूस गाडणार नाही एवढा. तुंगाने तिथे खणायला घेतलं. वरचं बर्फ घट्ट, फावडं खणखण करी. मग एकदम फावडं आत गेलं, नुसतं गेलं. तिने आत हात घातला. तळाचं बर्फ दाणेदार झालं होतं, साखरेसारखं. मुठीत धरलं तर बोटांतून गळे. लाडू वळावा म्हटलं तर वळेना. एका दाण्याला दुसऱ्याची ओळख नव्हती. तिने ते लाकडी वाटीत भरून घेतलं.

पहिलं काम झालं होतं. पण पारख्याच्या घरात हयात गेलेली बाई; हाताला राहवेना. तिने खांब कापला, वर फावडं पालथं ठेवलं आणि मनगटाने थापटी मारली. एक. दोन. तीन.

तिसरीला वरचा सगळा ठोकळा साखरेवरून सरकला आणि तिच्या मांडीवर येऊन पडला.

"काय झालं?" कावळा म्हणाला.

"मनगटाची तिसरी," तुंगा म्हणाली. "खिंडीत हेच आहे. खाली हेच, वर त्याच्या दुप्पट ओझं. कावळोबा, उद्या माझी पोर यावर चालणार."

दुसरं काम माथ्यावर. तिथे वाऱ्याने बर्फ थापून थापून पाट्या केल्या होत्या. काठीने ठोकलं की आतून पोकळ वाजत. सगळ्यांत चांगली पाटी कडेला होती. तुंगा दोन पावलं पुढे सरली आणि कावळा किंचाळला, "थांब! तुझ्याखाली जमीन नाही! तो वाऱ्याने बांधलेला सज्जा आहे!"

ती पोटावर पालथी पडली. काठी समोर खुपसली. काठी आरपार गेली, आणि त्या भोकातून खाली निळी पोकळी दिसली. त्या पोकळीच्या तळाशी खिंडीचा उतार होता. तिने श्वाससुद्धा जपून घेतला. सरपटत, एक वीत, आणखी एक वीत, मागे आली. अलीकडच्या अंगाला फावड्याच्या धारेने ताटाएवढी पाटी कापली आणि कांबळ्यात गुंडाळली. ती उठते तोच समोरचा सज्जा बैलगाडीएवढा तुटला आणि खाली गेला. काहीही वाजलं नाही. तिला वाटलं आता सगळा उतार सुटणार, आणि सुटू दे, आजच सुटू दे, असं तिने देवीला म्हटलं. पण तुकडा कातळावर आपटून फुटला आणि उतार तसाच राहिला. तसाच, गुळगुळीत, गोजिरवाणा.

परत गुहेत आली. गुंगभटाने वाटी पाहिली, पाटी पाहिली, मान डोलावली. "आता ऐक. खाली साखर, वर पाटी. डोंगर असाच मोडतो, झाकणही असंच मोडेल. घागरीच्या तोंडावर आधी दाणे पसर, वर पाटी ठेव. मग त्यावर तुझा शब्द टाक. पण इथे नाही. ज्याला तो शब्द देणं लागतेस त्याच्यासमोर, खिंडीत."

"एवढी घागर मी उचलू कशी? माझीही जीभ चांदीची होईल."

"चांदी म्हणून उचलशील तर होईल. आवाज म्हणून उचलशील तर हलकी आहे."

तुंगाने डोळे मिटले, हैबतीचं उघडं तोंड आठवलं आणि घागर उचलली. ती रिकाम्या घागरीहूनही हलकी होती.

तिसऱ्या सकाळी ऊन माथ्याला लागलं तेव्हा ती खिंडीच्या वरच्या कातळावर पोचली. कातळ उतारात घुसलेला, भक्कम, बर्फ त्याला दोन्ही अंगांनी वळसा घालून जाई. खाली, पलीकडच्या टोकाला, देवीची पायरी. पायरीशी केतकी. तिच्यामागे चाळीस माणसं, पाठीवर पोती, आणि सगळी एका दोरात ओवलेली! राजाचा हुकूम तसा होता, एकदम जा, लवकर पार व्हा. एक गेला की सगळे जाणार.

खड्डा खणून झाला होता. केतकीचा हात वर जाई, खाली येई. तुंगा वरून मोजत होती. मनगटाच्या दहा. कोपराच्या दहा. खांद्याच्या आठ, नऊ, दहा. केतकी उठली, फावडं उंच केलं. म्हणजे चला.

"हो आता!" कावळा म्हणाला.

तुंगाने घागर कातळावर ठेवली. साखर पसरली, वर पाटी ठेवली. "केतकी, मागे फीर!" ती ओरडली. शब्द पाटीवर पडले, घसरले आणि विरून गेले. पाटीला ओरखडाही नाही.

"हा शब्द तू कधीच गिळला नव्हतास," कावळा म्हणाला. "परवाच ओरडलीस. गिळलेला काढ!"

केतकीने उतारावर पहिलं पाऊल टाकलं. दुसरं. दोर ताणला, मागचा माणूस पुढे सरला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना? चार वर्षं तुंगाने ती मूठ झाकली होती. नवरा गेला, लोक त्याला पुजत होते, मुलगी त्याच्या नावावर जगत होती. मूठ उघडली तर आत काय निघणार, ते तिला ठाऊक होतं. केतकीने दहावं पाऊल टाकलं. तुंगाने घागरीवर दोन्ही हात टेकले आणि बोलली. ओरडली नाही, बोलली.

"केतकी, तुझ्या बापाला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला, 'तुंगे, वारा फिरलाय. मानाच्या खड्ड्यात खरं कळणार नाही, उद्या उतारावर खणतो.' आणि मी म्हणाले, 'लोक हसतील. राजाने आखून दिलेली जागा आहे, तिथेच खणा.' मी म्हणाले, केतकी. मी. त्याने माझं ऐकलं."

शब्द पाटीवर पडले. मनगटाचे नव्हते ते, खांद्याचे होते. पाटी मधोमध तडकली, खालची साखर सरकली आणि झाकण फुटलं.

आधी घागरीतून घंटा बाहेर आल्या, बैलांच्या, बारा वर्षांच्या. मग हाका, लेकरांचं रडणं, कुत्र्यांचं भुंकणं. खिंड गजबजून गेली. चाळीस माणसं जागच्या जागी उभी राहिली. तुंगाचे शब्दही एकेक करून उतारावर उतरले आणि केतकीच्या कानी पडले. ती वर पाहत राहिली, दगड झाल्यासारखी. आणि मग त्या सगळ्या गलक्यातून एक आवाज निघाला, भरदार, ओळखीचा, चार वर्षं अडकून पडलेला:

"मागे फिरा! उतार कच्चा आहे! मागे फिरा रे!"

"बाबा?" केतकी म्हणाली.

आईचं तिने ऐकलं असतं की नाही, देव जाणे. बापाचं ऐकलं. ती वळली. दोर कापला. "मागे! पायरीकडे! एकेक!" आणि माणसं पोती सावरत, पडत, कातळाच्या आडोशाला पळाली. केतकी शेवटी. पायरी तीन पावलांवर आली, आणि तिच्या पायाखाली, पोटातून, जुना, जड, बारा वर्षांनी सुटलेला शब्द आला:

"धप्प!"

तिने विचार केला नाही. फावडं टाकलं आणि उडी मारली. तिच्या टाचेपासून तडा निघाला तो सबंध उतारभर सळसळत गेला. अख्खा उतार चादर ओढावी तसा हलला, त्याचे ठोकळे झाले, ठोकळ्यांचा लोट झाला. चांदीच्या पात्याचं फावडं त्यात एकदा चमकलं आणि गेलं. लोक म्हणतात आवाजाने कडे कोसळतात. काही नाही हो! आवाजाने नव्हे, पावलाच्या भाराने सुटला तो. आवाजाने माणसं वाचली. कातळावर तुंगाच्या दोन्ही अंगांनी बर्फ गेलं, आणि या वेळी ते गर्जत गेलं.

धुरळा बसला. तुंगा मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. एकेचाळिसावी पायरीवर पालथी पडलेली, पायात एकच जोडा. हात हलला. तुंगा तिथेच बसली आणि मोठमोठ्याने रडली, आणि ते रडणं खिंडीत सगळ्यांना ऐकू आलं.

दुसऱ्या सकाळी, ऊन यायच्या आत, तांडा अलीकडे आला. उताराचं ओझं उतरलं होतं. लोटाचा थिजलेला खच ओलांडून माणसं एकेक करून आली, एक पोचल्यावर दुसरा. उंचवाडीत चुली पेटल्या. केतकी आईच्या समोरून मान न वळवता गेली.

बाकीचं काय झालं? ते आवाज राजवाड्यात शिरले. अकरा माणसांच्या शेवटच्या हाका दरबारात फिरू लागल्या, सिंहासनाभोवती, ताटाभोवती. राजाने कानांवर हात ठेवले, उपयोग झाला नाही. नवव्या दिवशी तो पायी खिंडीत आला, अनवाणी. त्याने स्वतःच्या हाताने 'शांतीची खिंड' हा दगड उपटला, लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अपराध माझा." तेव्हा हाका थांबल्या. त्याने हिवाळ्यात खाण बंद ठेवली. तीन चोरांच्या जिभा मऊ झाल्या. गुंगभट जो झोपला, तो वसंतापर्यंत उठला नाही. डोंगरकावळ्याने टिपलेला थेंबही परत गेला. तो आता नुसता "काव" म्हणतो, पण तुंगाच्या दारात येऊन, भाकरीसाठी, तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणतो.

आणि केतकी? ती तीन आठवडे आईशी बोलली नाही. रागच तेवढा होता, आणि खरा होता. तुंगाने समजूत काढली नाही, सारवासारव केली नाही. भाकरी करी, वाढी, बाजूला बसे. मग पुन्हा बर्फ पडलं, पुन्हा वारा सुटला. सकाळी केतकी दारात उभी राहिली. हातात साधं लाकडी फावडं, नवं, स्वतः तासलेलं. ते तिने आईपुढे धरलं.

"बाबांना कुठे खणायचं होतं?" ती म्हणाली. "जागा दाखव."

तुंगा उठली. दोघी उताराच्या कडेला गेल्या, जिथे वाऱ्याने भुगा टाकला होता तिथे. केतकीने खणलं, खांब कापला, तुंगाने मोजलं. मनगटाच्या सहावीला खांब मोडला. मागे उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, कुरकुर न करता पोती खाली ठेवली, आणि त्याच वेळी पलीकडून थोरलाही बोलला, "धप्प!"

"हो बाबा, कळलं," केतकी म्हणाली आणि आईचा हात धरून घराकडे वळली.

त्या राज्यात आजही बर्फ बारा हात पडतं. खड्डा दर वर्षी नव्या जागी खणतात. थोरला बोलला की माणसं थांबतात, आणि घरात कुणाच्या पोटात शब्द अडकला असेल तर म्हातारी माणसं म्हणतात, बोलून टाक बाई, वारा फिरायच्या आत. थोरल्याचा शब्द वेळेवर आला तशी तुमच्या-आमच्या घरची माणसं वेळेवर घरी येवोत. सांगणाऱ्याचं सांगून झालं. ऐकणाऱ्यांनी आता पाऊल जपून टाकावं.